पहिल्या धारेचा मान

प्लेटमधले जे खळगे पिवळे व्हायला हवे होते, ते सोडून बाकीचे सगळे पिवळे झाले होते.

गंधारने प्लेट खिडकीपाशी नेऊन पाहिली, मग ट्यूबलाइटखाली धरली, मग तिच्यावर मोबाईलचा टॉर्च मारला. प्लेटने मत बदललं नाही. तिसगावच्या वासरांचे खळगे नळाच्या पाण्यासारखे स्वच्छ, आणि डोंगराकडच्या वस्त्यांवरच्या वासरांचे खळगे नवरदेवासारखे हळदीने माखलेले.

ही प्लेट ज्या किटमधली, ते किट म्हणजे वासराच्या रक्तात रोगाशी लढणारं प्रथिन किती आहे ते मोजायचं साधन. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात हे प्रथिन नावालाही नसतं. गाय व्याल्यावर पहिल्या धारेचा जो घट्ट, पिवळसर चीक देते, त्यातून ते वासराच्या पोटात आणि पोटातून रक्तात जातं. तेही पहिल्या काही तासांतच. मग आतड्याची खिडकी बंद होते, आणि सरकारी खिडकीसारखी ती एकदा बंद झाली की झाली. रक्ताचा पातळ केलेला थेंब खळग्यात टाकायचा, थांबायचं, धुवायचं, दुसरं द्रावण टाकायचं, थांबायचं, पुन्हा धुवायचं, आणि माणसाचा सगळा उत्साह धुवून निघाला की शेवटी रंग येतो. जितका गडद पिवळा, तितकं वासरू भक्कम.

गंधारचा पशुवैद्यकातल्या एम.व्ही.एस्सी.चा प्रबंध एका वाक्यात सांगता येण्यासारखा होता: शेतकऱ्यांना नीट शिकवलं की वासरांना चीक वेळेवर मिळतो. तिसगावजवळच्या वस्तीला त्याने शिकवलं होतं. गोठ्यागोठ्यात पोस्टर लावलं होतं, पडदा लावून फिल्म दाखवली होती, घसा बसेपर्यंत बोलला होता. डोंगराकडच्या वस्त्यांना तुलनेसाठी मुद्दाम काहीच शिकवलं नव्हतं. आणि आता प्लेटचं म्हणणं असं पडत होतं की गंधारने ज्यांना शिकवलं त्यांची वासरं कमकुवत, आणि ज्यांना गंधारपासून वाचवलं त्यांची ठणठणीत.

"किट खराब आहे," त्याचे गाईड शामकांत सर म्हणाले.

सरांची दोन निदानं ठरलेली असत: किट खराब आहे, किंवा विद्यार्थी खराब आहे. आज त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली याचं गंधारला जरा बरं वाटलं.

"सर, पण किटबरोबर आलेली प्रमाण द्रावणं बरोबर आलीत. त्यांचा आलेख तर पुस्तकात छापावा असा आहे."

"मग तू खराब आहेस."

"सर..."

"हे बघ गंधार, या सत्रात प्रबंध दिला नाहीस तर वर्ष गेलं. मी तोवर निवृत्त झालेलो असेन. पुढचा गाईड तुला गायीच्या ऐवजी कोंबडीवर घालेल आणि पहिल्यापासून सुरू करायला लावेल. कंपनीला फोन कर."

वर्ष गेलं तर काय होईल हे गंधारला नीट माहीत होतं. नगरला त्यांच्या घरात आई शिक्षिका, वडील शिक्षक, आत्या मुख्याध्यापिका. त्या घरात नापास झालेला शेवटचा प्राणी मांजर होतं, आणि त्यालाही नंतर दुसरीकडे दिलं होतं.

कंपनीच्या मदत क्रमांकावर मनवा नावाची मुलगी होती. तिचा आवाज इतका गोड होता, की आजवर तिला कुणी खरी अडचण सांगितलीच नसावी.

"सर, किट थंड ठेवलं होतं का?"

"फ्रीजमध्येच होतं."

"आणि वाटेत?"

वाटेत किटने बराच प्रवास केला होता. खोक्यावर पत्ता अहिल्यानगर होता, कुरिअरच्या मशीनमध्ये अजून अहमदनगर होतं, आणि या दोन गावांमधलं अंतर मशीनला सापडेना. म्हणून खोकं नगरला येऊन पुण्याला परत गेलं, तिथून कोपरगावला गेलं, आणि शेवटी नगरच्याच बसस्टँडजवळच्या एका रसवंतीत सापडलं. रसवंतीवाल्याने खोक्यावर 'थंड ठेवा' वाचलं होतं आणि ते बर्फाच्या पेटीत उसाशेजारी ठेवलं होतं.

"वाटेतही थंडच होतं. रसवंतीच्या बर्फात."

"सर, रसवंतीचा बर्फ आमच्या माहितीपत्रकात नाहीये. प्लेट धुतली होती का?"

"सांगितली तेवढ्या वेळा."

"धुतल्यावर टिपकागदावर आपटली?"

"आपटली. खालच्या मजल्यावरून माणूस आला, काय फुटलं विचारायला."

"मग सर, तुमचे नमुनेच तसे असतील. प्रमाण द्रावणं बरोबर आलीत म्हणजे आमचं किट खरंच सांगतंय."

"म्हणजे मी खोटं सांगतोय?"

"सर, फोन ठेवल्यावर एक मेसेज येईल. आमच्या सेवेला पाच तारे द्याल का?"

राहिला बजरंग. बजरंग पशुधन पर्यवेक्षक. डोंगराकडचे नमुने तोच आणायचा. तिकडच्या गायींचं कृत्रिम रेतन त्यानेच केलेलं, त्यामुळे कुठली गाय कधी व्यायची ते त्याला गायीच्या आधी कळायचं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर ती यानेच केली, असं गंधारने मनात पक्कं करून टाकलं.

"बजरंगभाऊ, खरं सांगा. लेबलं उलटी लागली का?"

"डॉक्टर, तुमच्या नळ्यांना लाल पट्टी, माझ्या नळ्यांना निळी. मला काय दिसत न्हाई व्हय?"

"मग तिकडची वासरं एवढी भारी कशी? तिकडं तर गायीच्या पोटातली वार बाहेर पडेपर्यंत लोक चिकाला हातसुद्धा लावत नाहीत."

"न्हाईच लावत. गाय व्याली की समदे वार पडायची वाट बघत चहा पीत बसत्यात. वासराकडं कुनाचं ध्यान हाय? ते मोकळं. ते जाऊन लुचतंय."

"आणि तुम्ही रक्त घ्यायला गेलात की?"

"मला बघितलं की लोक घरात जात्यात. मी इंजेक्शनवाला ना. पानीसुदिक इचारत न्हाईत." त्याला याचं काही वाईट वाटत नव्हतं. "तुमचं बरं हाय. तुमाला तिसगावात जावयागत ठेवत्यात."

ते मात्र खरं होतं. तिसगावच्या वस्तीवर गाय व्याली की गंधारला फोन यायचा, "उद्या सकाळी या." दुसऱ्या दिवशी तो गेला की आधी बाज, मग पाणी, मग खरवसाची ताटली, आणि मग वासराचं रक्त. या प्रबंधातून आतापर्यंत हाती लागलेली ठोस गोष्ट एकच होती: त्याची पँट कमरेला होईना.

किटमध्ये आठ खळग्यांची एक पट्टी शिल्लक होती. तेवढ्यावर एखादा खात्रीचा नमुना तपासावा, म्हणून गंधार फोनची वाट न बघता मोटारसायकलवर बसला आणि करंजीचा घाट चढून सरळ लंकाबाईंच्या गोठ्यात जाऊन उभा राहिला. लंकाबाई आणि बिभीषण या जोडप्याची एचएफ जातीची विलायती गाय आजउद्या व्यायची होती.

ती व्याली होती. नुकतीच. कालवड खुंटीला बांधलेली होती आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडत होती. चुलीपाशी लंकाबाई विळीवर गूळ चिरत बसल्या होत्या, शेजारी चिकाने काठोकाठ भरलेली किटली. बिभीषण अंगणात उभं राहून फोनवर कुणाला तरी सांगत होते, "उद्या या, ताटली आना, डॉक्टर येनार हाय."

"आगं बया!" लंकाबाई म्हणाल्या. "डॉक्टर, तुमी आजच? खरवस लागायचाय की आजून!"

"काकू, कालवडीला चीक पाजला?"

"पाजनार ना. संध्याकाळच्या धारंचा."

"आणि हा किटलीतला?"

"ह्यो तुमचा."

गंधारला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्याने हेल्मेट काढलं. मग पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.

"काकू, मी सांगितलं होतं ना, वार पडायची वाट बघू नका, पहिल्या तासात चीक काढा..."

"मंग! वार आजून पडली बी न्हाई. तुमी म्हनले तसा लगीच काढला."

"काढून वासराला द्या म्हणालो होतो!"

"असं कसं?" बिभीषण फोन छातीशी धरून जवळ आले. "तुमीच पोस्टर लावलं ना. पहिल्या धारंत समदी ताकद, दुसऱ्या धारंत निम्मी बी न्हाई. मंग पावन्याला दुसऱ्या धारंचा घालायचा? आमी काय तसली मानसं हाय का?"

"म्हणजे आजवर प्रत्येक वेळी..."

"पहिल्याच धारंचा," लंकाबाई अभिमानाने म्हणाल्या. "समद्या वस्तीवर. म्हंजे तुमी शिकवल्यापासनं. त्याच्या आदी आमी कसला बी करायचो. दुसऱ्या धारंचा, दुसऱ्या दिसाचा. अडानी हुतो."

गंधार बाजेवर बसला.

"पण एवढी किटलीभर? मी एकटा किती खातो?"

"तुमी एकटे कशाला? डॉक्टर येनार म्हनल्यावर अख्खी वस्ती येती की ताटल्या घिऊन."

आता सगळं जुळत होतं आणि त्यातलं काहीच त्याला नको होतं. इतके महिने जे प्रथिन वासरांच्या रक्तात शोधायला तो या घाटातून येत होता, ते दर वेळी वेलची लावून त्याच्या हातात ठेवलं जात होतं. तो ते संपवायचा, ताटली बोटाने पुसायचा, 'फार छान' म्हणायचा, आणि मग उठून वासराचं रक्त काढायचा. आणि माणसाच्या पोटात त्या प्रथिनाचा उपयोग शून्य. वरणभातासारखं पचून जातं. किट खरंच बोलत होतं. डोंगराकडची वासरं ठणठणीत होती, कारण बजरंगला कुणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं.

कालवड ओरडतच होती. तिची खिडकी अजून उघडी होती.

"काकू, हा चीक कालवडीला द्या. आत्ता."

"पावन्याच्या तोंडचा काढून?"

"मला चालणार नाही आज. उपास आहे."

"उपासाला चालतोय की. चीक आन गूळ. मीठ थोडंच हाय त्यात?"

"मला शुगर निघालीय."

"तुमाला? ह्या वयात?" लंकाबाईंनी चिरलेल्या गुळाची एक मूठ परत डब्यात टाकली. "बरं, बेताचा गोड करते."

"मला दूधच सोसत नाही, काकू. पित्त उठतं अंगावर."

"मंग इतक्या दिसांचं पित्त कुठं गेलं? मागल्या टायमाला तर रंगुबाईकडं दोन ताटल्या घेतल्या तुमी. तिसरीला नगं नगं म्हनत हात पुढं केला हुता. मी स्वता बघितलं."

गंधारकडे आता खरं बोलण्याशिवाय काही उरलं नव्हतं.

"काकू, तुमच्या खरवसापायी माझं वर्ष बुडतंय. तुमच्या खरवसानं वाटोळं केलं माझं!"

कालवडसुद्धा क्षणभर थांबली. लंकाबाईंच्या माहेरी, सासरी आणि पंचक्रोशीत त्यांच्या खरवसाबद्दल असं आजवर कुणी बोललं नव्हतं. त्या सावकाश उठल्या, किटली उचलली, खुंटीपाशी गेल्या आणि चीक घमेल्यात ओतून कालवडीच्या तोंडापुढे धरला.

"पी बाई," त्या म्हणाल्या. "तुज्या डॉक्टरला आमच्या हातचं बाधतंय. तू तरी पी."

कालवडीने तोंड घातलं ते घमेलं कोरडं करूनच काढलं. बिभीषणनी अंगणातल्या अंगणात लांब जाऊन फोन लावला आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्याचं राहू द्या. न्हाई, तब्येत बरी हाय त्याची. डोस्कं बिघडलंय."

दुसऱ्या दिवशी गंधार रक्त घ्यायला गेला तेव्हा बाज उभी करून भिंतीला लावलेली होती. त्याने कालवडीला एकट्यानेच धरलं, एकट्यानेच सुई टोचली, एकट्यानेच लाथ खाल्ली.

शिल्लक पट्टीचा खळगा पिवळाधमक आला. डोंगराकडच्यांपेक्षाही गडद.

"म्हणजे किट चांगलं आहे," शामकांत सर म्हणाले.

"हो सर."

"मग तिसगावच्या वासरांचं प्रथिन गेलं कुठं?"

"मी खाल्लं, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. गंधार तोच होता.

"हे प्रबंधात कुठल्या प्रकरणात घालणार आहेस? साहित्य आणि पद्धती?"

मग सर म्हणाले की शेजारच्या विभागाकडे असल्याच किटच्या थोड्या पट्ट्या पडून आहेत, त्या ते मागून आणतील. पण तिसगावचे नवे नमुने हवेत. ज्या वासरांनी खरोखर चीक प्यायलाय, त्यांचे. आणि लवकर.

इथून पुढे फोन बंद झाला. म्हणजे गंधारचा चालू होता, तिसगावकडून यायचा बंद झाला. त्याने स्वतः लावला तर बिभीषण उचलून म्हणायचे, "न्हाई व्याली अजून कुनाची," आणि त्यांच्या मागे चारदोन वासरं एकदम हंबरायची.

"व्यायल्या की गायी," बजरंगने सांगितलं. "तुमाला कळवायचं न्हाई असं ठरलंय वस्तीवर."

"आणि चीक?"

"पाजत्यात की वासरांना. पहिल्या धारंचा. रागानं."

गंधारने टेबलावर डोकं टेकवलं. खरवस होता तेव्हा फोन यायचा पण वासराच्या रक्तात काही नसायचं. आता वासराच्या रक्तात सगळं होतं आणि फोन येत नव्हता. त्याचं शिक्षण पहिल्यांदाच शंभर टक्के यशस्वी झालं होतं, आणि ते मोजायची त्याला बंदी होती.

"तुम्हीच जाऊन रक्त आणा ना, बजरंगभाऊ."

"मी? मला बघून ते लोक गायीसकट मळ्यात जातील."

शेवटी तो गेला. पेढे घेऊन गेला, आणि अंगणात पाऊल टाकताटाकता त्याला कळलं की खरवसाला नाही म्हणून दुकानातले पेढे आणणं हा आधीच्यापेक्षा मोठा अपमान आहे. पण घाटातून परत जाण्यात अर्थ नव्हता. त्याने पुडा खिशात कोंबला. तो मावला नाही. लंकाबाई निवडणाचं सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पुड्याकडे कडक नजरेने पाहिलं आणि सूप जोरात पाखडायला घेतलं.

"काकू, चुकलं माझं."

"कशात बाधलं तेवढं सांगा. गूळ तर चांगला हुता."

"गूळही चांगला होता, तुम्हीपण चांगल्या आहात, खरवस तर मी जन्मात तसा खाल्ला नाही. पण तो वासराचा होता, काकू. आणि वासरं अशक्त राहिली तर मी नापास होतो. सरळ नापास."

"आसं नापास म्हना की. वाटोळं कशाला म्हनायचं?" लंकाबाईंनी सूप खाली ठेवलं. "रगत कदी लागतंय तुमाला?"

"एक दिवस झाल्यावर. मग आठवड्यात कधीही."

"मंग दुसऱ्याच दिसाला पळत कशापायी येता?"

"सरांनी तसं ठरवलंय."

"सरांस्नी सांगा, लंकाबाईनं बदाललं. पहिल्या धारंचा वासराला. तुमी तिसऱ्या दिसाला यायचं. त्या दिसाच्या चिकाचा खरवस करू, मान बी राहील आन वासरू बी. पर एक हाय." त्यांनी बोट उचललं. "ताटली पुरी रिकामी करायची. समद्यांच्या म्होरं. न्हाईतर फोन न्हाई."

सरांनी दिवस बदलला. कुरकुरत बदलला, पण बदलला.

पहिला फोन रंगुबाईंच्या गायीचा आला. गंधार तिसऱ्या दिवशी पोचला तेव्हा बाज पडलेली होती, वस्ती ताटल्या घेऊन जमलेली होती, आणि गोऱ्हा असा काही उड्या मारत होता की त्याला धरायला दोन माणसं लागली. रक्त नळीत आलं, नळी बर्फाच्या डब्यात गेली, डबा त्याने पायापाशी ठेवला. तेवढ्यात लंकाबाई आतून पातेलं घेऊन आल्या. आज त्यांनीच केला होता, रंगुबाईंच्या घरी येऊन, मुद्दाम.

त्यांनी सुरी घातली. सुरी सरळ तळाला गेली आणि तिच्या मागोमाग खरवस परत एकत्र आला. चिकातलं घट्ट होण्यासारखं जे काही असतं, ते तिसऱ्या दिवसापर्यंत राहत नाही. लंकाबाईंनी थोडं थांबून पुन्हा सुरी घातली. मग सुरी बाजूला ठेवून पळी मागवली.

ताटलीत पळीभर खरवस पडला आणि काठापर्यंत निवांत पसरला. वस्ती बघत होती. गंधारने ताटली तोंडाला लावली, कारण दुसरा मार्ग नव्हता. कोमट, गोड, दुधाळ आणि मधूनच गुठळी. त्याने घोट घेत घेत संपवली, आणि तळ सगळ्यांना दिसेल अशी ताटली आडवी धरली.

"कसा झालाय?" लंकाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला होता.

"फार छान."

बिभीषणनी आपल्या ताटलीतला थोडा चाखला. मग अंगणाच्या कडेला जाऊन, कुणी बघत नाही असं समजून, कुत्र्यापुढे ठेवला. लंकाबाईंनी ते बघितलं. मग त्यांनी खुंटीकडे बघितलं, जिथे पहिल्या धारेचा सगळा चीक पोटात घेऊन तो गोऱ्हा कातडं तुकतुकीत करून उभा होता, आणि त्याच्याकडे त्यांनी इतक्या कडक नजरेने पाहिलं, की पेढ्यांच्या पुड्याकडेसुद्धा तसं पाहिलं नव्हतं.

"आवडला ना खरंच?"

"खरंच."

"मंग घ्या की आजून."

वस्तीवर अजून पुष्कळ गायी गाभण होत्या, आणि त्यांचे फोन यायला हवे होते. गंधारने ताटली पुढे केली.